वेंगुर्ल्याला न्यायचा रॉड

हॉस्पिटलात काम करणाऱ्यांकडे किस्से कधी संपत नाहीत. कोविडच्या काळात मात्र ते सांगायची सोयच नव्हती, कारण टी-रूममध्ये एका वेळी दोघांनाच बसायची परवानगी. त्यामुळे सगळे साठून राहिले. आता कुणी चहाला बोलावलं की आम्ही सुरू होतो. लोकांना वाटतं, आता व्हेंटिलेटर आणि पीपीईच्या गोष्टी येणार. येतात त्या मासे पकडायच्या रॉडच्या!

आम्ही म्हणजे तिघं. मी राजश्री, ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला रेडिओग्राफर. गिरीश, माझ्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर, मूळचा वेंगुर्ल्याचा. आणि केदार, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आला तो राहिलाच, आता पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये मेंटेनन्सला आहे. लॉकडाउनमध्ये बाहेर पडायला कारण म्हणून व्यायाम चालायचा आणि मासेमारीही चालायची. आम्ही तिघांनी व्यायाम टाळला.

* * *

गिरीशचा पहिला रॉड दोन तुकड्यांचा, सात फुटी. म्हणजे एकेक तुकडा साडेतीन फूट. त्याच्या छोट्या गाडीत तो तिरका ठेवायचा आणि डिकी अलगद लावायची. एकदा डिकी अलगद लागली नाही. टोकापासून वीतभर खाली रॉड कट्कन मोडला.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या तोच रॉड घेऊन जेटीवर हजर. मोडलेल्या जागी निळं फायबरग्लासचं प्लास्टर, व्यवस्थित गुंडाळलेलं, वर मार्करने तारीख.

तिथे रोज बसणारे डग नावाचे आजोबा बराच वेळ त्या प्लास्टरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाउ लाँग्स दॅट गॉटा स्टे ऑन, डॉक?"

"सिक्स वीक्स," गिरीश म्हणाला. "अँड नो वेट-बेअरिंग."

रॉडने डॉक्टरांचं ऐकलं. दिवसभरात त्याने एकही मासा उचलला नाही.

* * *

नवा रॉड लागणारच होता. पण गिरीशच्या मनात वेगळंच होतं, ते त्याने मला एका शिफ्टनंतर पार्किंगमध्ये सांगितलं.

दुसऱ्या लाटेत तिकडे वेंगुर्ल्याला त्याच्या बाबांना कोविड झाला होता. निवृत्त शिक्षक, अठ्ठ्याहत्तर वय. बारा दिवस ऑक्सिजनवर काढून ते घरी आले. जन्मभर रोज संध्याकाळी जेटीवर जाऊन गरवणारा माणूस, म्हणजे गळ टाकून बसणारा. घरी आल्यावर त्यांनी आपली लांब बांबूची काठी शेजाऱ्याला देऊन टाकली. म्हणाले, पेलत नाही.

"बाबा वाचले गं," गिरीश म्हणाला, "पण खुर्चीतून उठतच नाहीत. आणि मी इथे अडकलोय."

ऑस्ट्रेलियाची बॉर्डर बंद होती. कधी उघडेल कुणालाच माहीत नव्हतं. पण उघडली की पहिल्या विमानाने जायचं आणि बाबांसाठी रॉड न्यायचा, हे त्याचं ठरलं होतं. वजनाला हलका, मोठा मासा पेलणारा आणि तुकडे सुटे केले की केबिन बॅगेत मावणारा. सामानात टाकून तो विमानतळवाल्यांच्या हवाली करायची त्याची तयारी नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही तिघं पेटलो. सकाळी उठून फोन बघावा तर केदारने अकरा रॉडचे फोटो टाकलेले!

* * *

केदारचं मत एकच. टेलिस्कोपिक घ्यायचा. छत्रीच्या दांड्यासारखा एकातून एक बाहेर येणारा. "दादा, तुकडे जोडायची कटकटच नाही. ओढला की रॉड, ढकलला की डबी." नुसतं बोलून थांबला नाही, ट्रायलसाठी एक मागवलाही.

आम्ही लाटा अडवायच्या दगडी भिंतीवर गेलो. त्याने रॉड झटक्यात उघडला, एक छोटासा मासाही पकडला, आणि विजयी चेहऱ्याने रॉड भिंतीखालच्या वाळूत टेकवला. निघताना रॉड बंद होईना. सांध्यांत वाळू अडकली होती. गिरीशने निखळलेला खांदा बसवतात तसं ओढून पाहिलं, मी साबण लावला. काही उपयोग नाही.

शेवटी केदार तो आठ फुटी रॉड उभा धरून ट्रेनमध्ये चढला. त्याचं घर थिरूलला. दारात रॉड अडकला, मग आडवा करून आत घ्यावा लागला. डब्यात मोजकीच माणसं होती, ती सगळी मुकाट्याने दुसऱ्या टोकाला सरकली.

गार्ड आला. रॉडकडे बघितलं, रिकाम्या झालेल्या डब्याकडे बघितलं.

"नो वरीज, मेट," तो म्हणाला. "इतकं चांगलं डिस्टन्सिंग या लाइनवर कुणीच केलेलं नाही."

* * *

शेवटी आम्ही बॅरीकडे गेलो. बॅरीचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. लॉकडाउनमध्ये आत कुणालाच प्रवेश नाही, म्हणून तो काचेच्या आत आणि आम्ही फुटपाथवर. बोलणं फोनच्या स्पीकरवर.

गिरीश बॅगेत रॉड मावतो का ते बघायला रिकामी केबिन बॅग ओढत आला होता. आपल्या कौन्सिलची, म्हणजे पालिकेची, हद्द ओलांडायची कुणालाच परवानगी नसताना फुटपाथवर बॅग घेतलेला माणूस! पोलिसांची गाडी थांबलीच.

"गोइंग समव्हेअर, सर?"

"वेंगुर्ला," गिरीश खरं तेच बोलला.

"ते या कौन्सिलच्या हद्दीत येतं का?"

मग गिरीशने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाबा, ऑक्सिजन, बांबूची काठी. पोलिसाने गाडी बंद केली आणि तोही काचेजवळ येऊन उभा राहिला.

आत बॅरीच्या टेबलावर दोन रॉड. एक सहा तुकड्यांचा, इतका आखूड की पर्समध्ये जाईल. मला तोच आवडला. दुसरा साडेसहा फुटी, चार तुकड्यांचा, सुटा केला की बावन्न सेंटिमीटर. बॅरीने दोन्ही जोडले, कड्यांतून दोरी ओवली आणि दोरीच्या टोकाला दोन लिटरची दुधाची बाटली बांधली.

सहा तुकड्यांच्या रॉडने बाटली उचलली, पण तो जागोजागी अडखळत वाकला. चार तुकड्यांच्या रॉडने उचलली तेव्हा टोकापासून मुठीपर्यंत एकसंध कमान झाली. फुटपाथवर आम्हाला सगळ्यांना ते दिसलं होतं.

"जितके जॉइंट तितके पेशंट," गिरीश माझ्या कानाशी मराठीत म्हणाला.

"द फोर-पीस," पोलीस इंग्रजीत म्हणाला. "आणि आता कृपा करून घरी जा."

* * *

यात माझ्या आईला काय वाटलं तेही सांगते. आम्ही पुण्याचे, घरात अंडंसुद्धा येत नाही. व्हिडिओ कॉलवर मी तिला कौतुकाने सांगितलं, की मी पकडलेला मासा परत पाण्यात सोडून देते.

आई म्हणाली, "म्हणजे खायचाही नाही, आणि त्याला सुखाने जगूही द्यायचं नाही?"



* * *

बॉर्डर उघडली आणि गिरीश गेला. गळ सामानात, रॉड केबिन बॅगेत. वेंगुर्ल्याला पोचला तेव्हा बाहेरून येणाऱ्यांना सात दिवस घरीच वेगळं राहायचा नियम होता. दोन वर्षांनी घरी गेलेला मुलगा पुढच्या खोलीत बंद. आई ताट दाराबाहेर ठेवायची. बाबा खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायचे.

तिसऱ्या दिवशी गिरीशला राहवेना. त्याने रॉडचे चारही तुकडे खिडकीच्या गजांमधून एकेक करून बाहेर दिले, मागोमाग दोरी गुंडाळलेलं रील आणि गळ. आतून सांगत राहिला, "बाबा, ढकलून थोडं फिरवा. कड्या एका रेषेत यायला हव्यात." बाबांनी जोडला. हातात तोलून पाहिला. वर्गात फळा पुसल्यावर हात झटकावा तसा एकदा हवेत फिरवला. आणि थेट फाटकाबाहेर पडले.

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच जेटीकडे जात होते, तेही एकटे. गिरीशने घाबरून फोन लावला. बाबांनी तो चालू करून खिशात ठेवला. अर्धा तास नुसता वारा ऐकू येत होता. मग एकदम दोरी सुसाट सुटली आणि रील किंचाळलं.

"बाबा, टोक वर धरा! घाई करू नका!"

तिकडून फक्त धाप. मग बाबांचा आवाज. "गिरीश, फोन ठेव. दोन्ही हात लागतत."

फोन बंद. पुढची चाळीस मिनिटं गिरीश त्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्यातच त्याने आम्हाला कॉल केला. इथे मी आणि केदार फोनला कान लावून बसलो, जणू आमच्याच गळाला काहीतरी लागलंय.

मग गिरीश ओरडला, "आले!"

बाबा खिडकीशी उभे होते. घामाघूम, शर्टाची एक बाही भिजलेली, हातात ही भलीमोठी तांबोशी. त्यांना ती मुलाच्या हातात द्यायची होती. त्यांनी मासा उभा धरून गजांमधून आत सारायचा प्रयत्न केला, मग आडवा, मग तिरका. तो काही आत जाईना.

बाबांनी एकदा गजांकडे बघितलं, एकदा गिरीशकडे.

"ह्याचेपण चार तुकडे करूचे लागतले," ते म्हणाले.