आडवं उत्तर

दीपाली कांबळे खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढली. वडील दारूगोळा कारखान्यात. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर, आणि पाहून म्हणाली, "फोटोत बरा दिसतो." आता रोज त्याचेच फोटो बघते. आमच्या पुण्यातल्या संस्थेत उपग्रहाच्या रडारची चित्रं येतात. ढग असोत, अंधार असो, रडारला फरक पडत नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून चित्रातल्या जागा नकाशावर बसवते.

नवीन माणसाला काम समजावायची तिची पद्धत ठरलेली. "रडारची लहर उभी पाठवता येते, आडवीही. समुद्र सरळमार्गी. उभं विचारलं की उभंच उत्तर देतो. बोट मात्र पुण्याची. केबिन, कोपरे, डोलकाठी... उभं विचारा, थोडं तरी आडवं उत्तर देणारच."

म्हणून फक्त आडव्या उत्तरांच्या चित्राला आमच्याकडे 'पुणेरी' म्हणतात. त्यात लाटा काळ्या पडतात आणि बोट ठिपक्यासारखी उठून दिसते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर कोकणातली एक मच्छीमार बोट वादळी वाऱ्यात बेपत्ता झाली. इंजिन बंद पडलंय एवढं कळलं, मग वायरलेस गप्प. बोटीवर सहा माणसं. सकाळचं चित्र आलं आणि दीपालीला पुणेरीत एक फिकट ठिपका दिसला. शोध चालला होता त्याच्या खूप दक्षिणेला.

"बोट नसली तर?" मी विचारलं.

"तर माझ्यामुळे हेलिकॉप्टर भलतीकडे जाईल. शबनमताई, जरा बोलू नका."

तिने आधीच्या आठवड्याचं चित्र काढलं. त्या जागी काहीच नव्हतं. म्हणजे खडक नाही, तेलविहिरीचा सांगाडाही नाही. सकाळचं उभ्या उत्तरांचं, आधीच्या आठवड्याचं आणि शेवटी सकाळचं पुणेरी, अशी तिन्ही चित्रं तिने किनाऱ्यावरच्या बचाव कक्षाला पाठवली. खाली घाईने लिहिलं, 'पुणेरी चित्रात खालच्या बाजूचा ठिपका पाहावा.'

मी मनातल्या मनात दुआ मागत होते. फोन वाजला. तिने स्पीकर लावला. कक्षातले खोतसाहेब होते.

"मॅडम, ठिपकाबिपका काही नाही. हेलिकॉप्टर उत्तरेलाच ठेवतोय. उजेड आहे तोवर एकच फेरी होईल."

दीपालीचा चेहरा उतरला. आपल्यालाच भास झाला की काय, असं तिने माझ्याकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "साहेब, समुद्र कसा दिसतोय?"

"कसा म्हणजे? सगळा पांढरा. लाटाच लाटा."

"अहो, मग ते पुणेरी नाही!"

"बाई, सगळीच पुण्याहून आलीत. मी पहिलं उघडलं!"

मला हसू येईना. चूक आमच्या टेबलांवरच्या बोलीची होती आणि ती सहा माणसांच्या जिवावर आली होती.

"शेवटचं उघडा. काळं. खाली डाव्या कोपऱ्यात."

पलीकडे माऊसचा आवाज. दीपालीने टेबलाची कड धरली होती.

"आहे," खोतसाहेब म्हणाले. "पण हे सकाळचं. आता कुठे असेल?"

मी वाऱ्याची दिशा धरून नकाशावर पट्टा काढला होता, तो तिने वाचून दाखवला. शेवटी म्हणाली, "खात्री देत नाही. पण मी असते तर तिथेच गेले असते."

"पाठवतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर चहा आला तसाच गार झाला. दीपाली पुन्हा पुन्हा तोच ठिपका मोठा करून बघत होती. मोठा केला की तो चौकोनी दिसायचा, बोटीसारखा मुळीच नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं.

फोन आला तेव्हा तिने उचलायला मला खुणावलं.

"सापडले," खोतसाहेब म्हणाले. "सहाही. वर घेताहेत. बोट राहिली नाही हो, पाणी भरलं होतं."

मी स्पीकर लावला. ते पुन्हा म्हणाले, "सहाही." मग म्हणाले, "मॅडमना सांगा, समुद्र बघायला या एकदा."

दीपालीने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "फोटोत बरा दिसतो, साहेब," म्हणाली आणि फोन ठेवायला गेली. दोनदा तो जागेवर बसलाच नाही. शेवटी मीच तिच्या हातातून घेऊन ठेवला.