एंगेज लागत राहिलेला फोन

खरवईच्या घरून निघालो तेव्हा माझे वडील, आबा, रिक्षापर्यंत आले आणि माझी बॅग उचलायला वाकले. मी उचलू दिली नाही. त्यांचं पोट तेव्हाच दुखायचं. आईचं एकच पालुपद, "पोचलास की काकूंकडे रिंग मार." नववीत शाळा सोडलेल्या मला मस्कतला धाडलं ते उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या सिंधी शेठने. त्याच्या भावाचं तिथे मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान. "डर मत साईं, अपनाही घर है," म्हणाला. भीती काही गेली नाही, पण त्याचे उपकार विसरलो नाही.

आमच्याकडे फोन नव्हता. आई शेजारच्या कात्रपला ज्या काकूंकडे पोळ्या करायची, त्यांचाच नंबर आमचा. काकूंचा मुलगा अमेरिकेत, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर इंटरनेट घेतलेलं. फोनची तार मोडेम नावाच्या डब्यात जायची. डबा नंबर फिरवायचा, शिट्ट्या मारायचा, खरखरायचा. पलीकडच्या डब्याने तसंच उत्तर दिलं की दोघांचं जुळायचं. मग कॉम्प्युटरचं म्हणणं आवाज होऊन तारेतून जायचं. पण तार एकच. नेट चालू असलं की बाहेरच्याला फोन एंगेज.

हे मला नंतर कळलं. आबांच्या पोटातली गाठ काढायची होती तो शुक्रवार, दुकानाला सुट्टी. मस्कतच्या फोन बूथवर उभा राहून दुपारभर लावत होतो आणि दुपारभर टूं टूं. काकू नातेवाइकांना कळवत असणार, काय कळवत असणार, एवढंच डोक्यात. मागे उभा असलेला मल्याळी माणूस माझं तोंड बघून म्हणाला, "पहले तुम करो भाई." पुन्हा एंगेज.

उन्हं उतरताना एकदम रिंग गेली. आईनेच उचलला. "अरे, शुद्धीवर आलेत. चहा मागतायत, डॉक्टर देत नाहीत, म्हणून तुझ्या ताईवर चिडलेत." मी बूथमध्येच खाली बसलो.

झालं होतं असं. ऑपरेशन सकाळीच नीट झालं, आबा शुद्धीवर आले, तशी ताईला त्यांच्यापाशी बसवून आई काकूंकडे आली आणि काकूंनी दुपारीच दुकानाच्या पत्त्यावर ईमेल टाकला; दुकान बंद, मला तो दिसणार कुठून. नंतर त्या नेट बंद करायला गेल्या, तर आई करू देईना. "तार सोडली तर पोराचं उत्तर शिरणार कुठून?" काकूंनी समजावलं, उत्तर लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरात थांबतं, पोस्टात पत्र थांबतं तसं. "थांबत असेल हो. पण आपण बसू या." ती स्टूल घेऊन पडद्यासमोर बसून राहिली. शेवटी लाइन आपोआप तुटली, त्या काळी अशी तुटायचीच. आई डब्याला बोल लावत होती, तेवढ्यात माझी रिंग.

आता फोन खिशात असतो, शिट्ट्या नाहीत. आबा त्यात तोंड घालून म्हणतात, वाळलास. तुम्ही जे माझ्यासारखे लांब आहात, तुम्हाला ठाऊक आहे, फोन लागला नाही की डोक्यात काय काय येतं ते. माझ्या अजूनही येतं. मग ते स्टूल आठवतं. फोन लागत नाही म्हणजे तिकडे कुणीतरी माझीच वाट बघत लाइन धरून बसलंय, असं समजतो. इतक्या लांबून माझं घर म्हणजे तेवढंच, आणि ते पुरतं.