चहाची पेटी आणि हमाल

आमच्या दोस्तीत पहिली कुरबुर लावली ती एका गोऱ्या साहेबाने, आणि तेही पुस्तकातल्या.

पुस्तक वाचनालयातलं, कव्हर उडालेलं. इंग्रजांच्या काळातली साहसाची गोष्ट. दोन जिगरी दोस्त डोंगरापलीकडे खजिना शोधायला निघतात, एकाला हाव सुटते, दुसरा त्याच्यासाठी जीव देतो. शेलूबाजारहून मंगरूळपीरला कॉलेजला जाताना माझ्या मित्राने ते जीपमध्ये वाचलं आणि शेवटी डोळे पुसले. मग मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. या दोघांचं सामान चाळीस हमाल वाहतात. साहेबाच्या कुत्र्याला नाव आहे, हमालांपैकी एकालाही नाही. एक हमाल दरीत पडतो, तर साहेब हळहळतो ते त्याच्या पाठीवरच्या चहाच्या पेटीसाठी!

"तुले तं गोष्टीतही मोर्चाच दिसते," मित्र म्हणाला.

दिसतोच. सायंकाळची बंद झालेली एसटी सुरू करा, अशी पत्रकं तेव्हा मी लिहायचो आणि मीच वाटायचो.

गॅदरिंगला त्याने याच गोष्टीचं नाटक बसवलं. हावरा साहेब अर्थातच तो. परीक्षक विद्यापीठाच्या नाट्यशिबिरासाठी एकच नट निवडणार होते. वडिलांनी त्याला बजावलं होतं, निवडला गेलास तर आणखी एक वर्ष नाटकं कर, नाहीतर उन्हाळ्यापासून काकाच्या खत-बियाण्याच्या दुकानात बस. जीव देणाऱ्या दोस्ताचं काम त्याने मला देऊ केलं. मी म्हटलं, साहेब होणार नाही, हमाल होतो. हमालाला एकही वाक्य नव्हतं. तोंड उघडणार नाही, असा शब्द त्याने माझ्याकडून घेतला. मी दिला.

बांबूच्या टोपल्यावर माझी उरलेली पत्रकं चिकटवून, वरून चुना फासून साहेबाची टोपी केली. खुर्चीला दोन बांबू बांधून डोली.

प्रयोगात आम्ही चौघांनी त्याला उचलून आणलं. काम झकास करत होता गडी. पण घामाने चुना उतरला आणि साहेबाच्या कपाळावर, टोपीच्या पत्रकातली एसटीची मागणी उमटली. लोक हसले. ते हसू ऐकलं आणि माझ्या अंगात आलं. डोली खाली ठेवायला लावून मी सुरू झालो. चारही हमालांची नावं, गावं, बापाचं नाव, काही सोडलं नाही. टाळ्या पडल्या, मग तर मी थांबतोय कशाला. त्याचा शेवटचा अख्खा प्रवेश माझ्या भाषणाने खाल्ला.

तो खुर्चीतून उतरला, टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि माझ्या बाजूचा बांबू खांद्यावर घेतला.

"बस लेका. आता तुले नेतो."

हे नाटकात नव्हतं. मी बसलो. त्यांनी मला स्टेजभर फिरवलं. खरं सांगतो, वरून बरं दिसतं. मी लोकांना हातही केला.

परीक्षकांनी मला निवडलं. अशा वेळी माणसाने काय करावं, यावर मी दुसऱ्या कुणासाठी कडक पत्रक लिहिलं असतं. मी गेलो. तो स्टँडवर आला, माझी बॅग स्वतः एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "साहेब, चहाची पेटी सांभाळजा."

आज तो शेलूबाजारला त्या दुकानात बसतो. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन आत शिरलो की गिऱ्हाइकांसमोर उठतो आणि माझ्यासाठी खुर्ची पुसतो. परवा हे सगळं त्याला वाचून दाखवलं. म्हटलं, तुझं नाव टाकतो, निदान तेवढं तरी माझ्याकडून होऊ दे.

"नको टाकू," तो म्हणाला. "त्या पुस्तकात हमालाचं नाव होतं काय?"

त्याने खताच्या पोत्याकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकाची जीप रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मी वाकलो, आणि त्याने पोतं माझ्या पाठीवर नीट बसवून दिलं.