केबल टेबलावरच होती

भूत-प्रेत, अंगात येणं, बाहेरची बाधा... यातलं मी काही मानत नाही. राइस मिलमध्ये हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक असते आणि ती सापडते, एवढंच मला ठाऊक. ही एक बेरीज मात्र अजून जुळलेली नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आम्ही पोवार. मूळ गाव कामठा, घर गोंदियाला लागून कुडव्यात. २००९ साली मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. आमच्यात हळदीला म्हाताऱ्या बाया नवरीचं नाव गुंफून पोवारी बोलीत गाणी म्हणतात. माझी आई त्यात नावाजलेली. आदल्या वर्षी ती फार आजारी पडली, तेव्हा कॉम्प्युटरला माइक लावून मी तिची गाणी रेकॉर्ड केली — पल्लवीचं नाव घालून. "मी राहीन का नाही... हळदीले वाजवजो," म्हणाली. नंतर थोड्याच दिवसांत गेली. गाण्यांची दुसरी प्रत नव्हती.

आईची एक सवय होती. जुंपण्याआधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ती त्याच्या डब्यावरून हात फिरवायची. "ऊठ बापू, दिवस निंगला." लहानपणी मलाही अशीच उठवायची.

"माय, तो काही बैल नाही," मी हसायचो.

"मंग उठाले एवढा वेळ कायले लावते?"

हळदीच्या दिवशी सकाळी तोच कॉम्प्युटर उठेना. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं — हार्ड डिस्क सापडत नाही. रॅम काढून खोडरबराने घासली. आतला सेल बदलला. विंडोजची सीडी टाकली, तिलाही डिस्क दिसेना. उरली ती मदरबोर्डला डिस्क जोडणारी चपटी केबल. ती दोन्ही टोकांनी काढून जेवणाच्या टेबलावर पेपरवर ठेवली. तशी केबल घरात ती एकच.

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. "आजीचा आवाज नसंन तर मले हळदच नाही लावाची."

"काऊन रडून राहिली? बाबा नवी केबल आणतेत ना," बायको म्हणाली.

मी फाटकाशी स्कूटरला किक मारत होतो... आणि घरातून आईचा आवाज आला. गाण्यात.

धावत आत गेलो. कॉम्प्युटर सुरू, गाणं सुरू, पल्लवीचा तळवा डब्यावर.

"मी काही नाही केलं बाबा... आजीवानी हात फिरवला, अन् बटन दाबलं."

मी आधी पेन ड्राइव्ह लावला, सगळी गाणी उतरवली, एकेक उघडून खात्री केली. मग बंद करून डब्याचं झाकण लावायला वाकलो. डिस्कची केबल लावायची खाच रिकामी होती. मागे वळून पाहिलं... केबल टेबलावर, पेपरवर, ठेवली तशीच.

संध्याकाळी मांडवात गाणी लागली. कामठ्याच्या बाया सोबत म्हणू लागल्या. शेवटच्या गाण्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये आई धापा टाकत विचारते, "झालं का बापू?"

"झालं बाई, गोड झालं," मांडवातून माझी आत्या म्हणाली, आणि पल्लवी हळदीच्या हातांनीच डोळे पुसू लागली.

लग्नानंतर डिस्क गोंदियाच्या दुकानात दाखवली. दुकानदाराने ती कानाशी धरून हलवली. "अंकल, इसकी तो मोटर ही जाम है. कब से बंद पडी है?"

मी डिस्क रुमालात गुंडाळून घरी आणली.

कॉम्प्युटरची माहिती असणाऱ्या कोणाला कारण सुचलं तर जरूर कळवा. मला अजून सापडलेलं नाही. डिस्क आणि केबल मी जपून ठेवली आहेत, तपासायला देईन. पेन ड्राइव्ह तेवढा मागू नका.