कागद दाखवा, मग मैदानात या

जीपचे दार बाईंनी एका हाताने धरून ठेवले होते. दुसऱ्या हाताने पुढच्या सीटवरच्या माणसाला उतरायची खूण करत होत्या. मागे बारा मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. राहात्याला कबड्डीचे सामने होते आणि शेवगावातून निघायची वेळ टळून गेली होती. संघ निघताना नारळ मी फोडायचा असे ठरले होते, म्हणून मी नारळ घेऊन उभा होतो.

"खाली उतरा," त्या म्हणाल्या. "मुलींबरोबर कोण चाललंय ते मला कळल्याशिवाय गाडी हलायची नाही."

माणूस उतरला. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. क्रीडा मंडळाने आठ दिवसांपूर्वी नेमलेले हे नवे प्रशिक्षक होते. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"हे बघा. कॉलेजच्या प्राध्यापकांचा दाखला हाय. सर हितंच उभे हायत, त्यांनाच इचारा."

बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुम्ही यांना पाच वर्षं ओळखता?"

"म्हणजे, दाखल्यात तसं लिहायची पद्धत आहे."

"पद्धत राहू द्या. यांचं गाव कोणतं?"

मला माहीत नव्हते.

"याआधी कुठं शिकवत होते?"

तेही माहीत नव्हते.

"पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"मागच्या मंगळवारी."

जीपमध्ये एक मुलगी फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, प्रशिक्षकांच्या जागेवर स्वतः बसल्या आणि गाडी चालवणाऱ्या आपल्या धाकट्या दिरांना म्हणाल्या, "चला, नामदेवभाऊजी." नारळ फोडायचा राहिला.

श्रीमती सुनंदा मरकड यांची आणि माझी ही पहिली ओळख. त्या वेळी त्या शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या आणि सकाळी मंडळाच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवत. यंदा बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या माजी खेळाडूंनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि मला लेख मागितला. मी साहित्य शिकवतो. मैदानाशी माझा संबंध नारळापुरता होता. तरी त्यांनी मला का विचारले हे मला ठाऊक आहे. बाईंचे काम ज्या कागदापासून सुरू झाले, तो मी लिहिला होता.

आमच्याकडे वर्तणुकीच्या दाखल्याला कोणी नाही म्हणत नाही. कुणीतरी ओळखीचा माणूस एखाद्याला घेऊन येतो, चहा होतो, सही होते. माझ्याकडे मजकूर तयारच असे. फक्त नाव भरायचे. 'मी यांना गेली पाच वर्षे ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली आहे.' वर्गात मी मुलांना एकेका ओळीपाशी थांबायला शिकवत होतो. ही ओळ मी किती वेळा लिहिली, याची मला मोजदाद नाही. तिच्यापाशी एकदाही थांबलो नव्हतो.

पंधरवड्याने बाई माझ्या घरी आल्या. त्या प्रशिक्षकांच्या जुन्या गावाचा त्यांनी शोध लावला होता, तिथल्या मैदानावर फोन केला होता. तिथे एका मुलीच्या आईने तक्रार दिली होती. गुन्हा नोंदला होता, खटला उभा होता. गृहस्थ जिल्हा बदलून इकडे आले होते. येताना त्यांच्या हातात कसलाही कागद नव्हता. आमच्या गावात आल्यावर त्यांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला.

बाई म्हणाल्या, "मी भांडायला आले नाही. तो दाखला मागं घ्या आणि तसं मंडळाला लिहून कळवा. आणि आता लिहायला बसलाच आहात तर मला एक नियम लिहून द्या. माझ्या अर्जावर मंडळाचे लोक हसतात. तुमची भाषा बरी आहे."

दाखला मागे घेतल्याचे मी मंडळाला कळवले आणि नियमही लिहून दिला. मुलींबरोबर काम करणारा प्रत्येक माणूस, मग तो प्रशिक्षक असो, पंच असो, मालिश करणारा असो की गाडी चालवणारा, त्याने शक्यतो दरवर्षी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा. आधीच्या दोन ठिकाणी बाई स्वतः चौकशी करतील. कोणीही एकट्या मुलीला खोलीत बोलावणार नाही की गाडीतून नेणार नाही.

बाईंनी चहा पिता पिता वाचले आणि पेन मागितला. 'शक्यतो' खोडला. 'आणावा'चे 'आणलाच पाहिजे' केले. मग म्हणाल्या, "आता बरी झाली भाषा."

पहिला दाखला त्यांनी स्वतःचा आणला आणि मैदानावरच्या खोलीत भिंतीला लावला. दुसरी पाळी नामदेवरावांची. तो संवाद मी तिथे उभा राहून ऐकला आहे.

"वहिनी, माझी बी पडताळणी? लग्नात तुमच्या वरातीची गाडी म्या चालवली!"

"म्हणूनच तुमची आधी, भाऊजी. घरच्याला सोडलं तर बाहेरच्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

"लोक काय म्हनतील? दिराला ठाण्यात धाडलं?"

"म्हणू द्या. पोरी गाडीत बसतात तुमच्या, लोक न्हाई बसत."

नामदेवराव ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी विचारले, काय केलं? ते म्हणाले, "काय न्हाई केलं, तेच लिहून पायजे." ही गोष्ट ते आजही सांगतात आणि दरवर्षी मुदत संपायच्या आधी नवा दाखला आणतात.

बाईंवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पोलिसांचा कागद म्हणजे काय देवाचा कागद आहे का? ज्याच्यावर गुन्हा नाही तो चांगलाच कशावरून? आणि ज्याच्यावर आहे तो वाईटच कशावरून? आक्षेप खरा आहे. तो घेणाऱ्यांना मी खर्ड्याच्या एका प्रशिक्षकांची हकीगत सांगतो. चांगला माणूस, पकड शिकवावी तर यांनीच. त्यांच्या कागदावर गुन्हा निघाला. ते स्वतःच कागद परत घेऊन निघाले होते. बाईंनी त्यांना बसवून घेतले आणि काय घडले ते विचारले. दुष्काळात टँकर येईना म्हणून गावाने रस्ता अडवला होता, त्यात यांचे नाव आले. बाईंनी खर्ड्याला फोन केला, ठाण्यातून कलमांची खात्री करून घेतली आणि त्यांना दुसऱ्या दिवसापासून बोलावले. "रस्ता अडवला तर अडवला," म्हणाल्या. "पाणी तर आलं ना?"

कागद मागायचा आणि मग तो वाचायचा. आम्ही इतकी वर्षे मागत नव्हतो, आणि मागितला तर वाचत नव्हतो.

बाईंच्या मैदानावरच्या निम्म्या मुलींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुली मागे आजीआजोबांकडे राहतात. सहा महिने संध्याकाळी घरी आल्यावर 'आज काय झालं' असे विचारणारे कोणी नसते, आणि मुलींना नादी लावणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक असते. एका वर्षी टोळी निघायच्या दिवशी एक आई मैदानावर आली. डोक्यावर बोचके होते. "बाई, पोरगी तुमच्या पदरात टाकून चाललेय," म्हणाली. बाई म्हणाल्या, "माझा पदर एवढा मोठा नाही गं. मी माणूस बघते, कागद बघते, रोज इथं बसते. आणि रविवारी तुझ्याशी तिचं फोनवर बोलणं करून देते. एवढं नक्की." सहा महिने प्रत्येक रविवारी त्यांनी स्वतःच्या फोनवरून ते बोलणे करून दिले, आणि बोलणे चालू असताना त्या लांब जाऊन उभ्या राहत. आईशी बोलताना मुलीला कोणाचा धाक नको, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःचाही नको.

आता यंदाचे. उन्हाळी शिबिरासाठी मंडळाच्या अध्यक्षांनी आपल्या भाच्याचे नाव सुचवले आहे. भाचा चांगला खेळाडू आहे. त्याच्याविरुद्ध मी एक अक्षर ऐकलेले नाही आणि इथे लिहीतही नाही. त्याने कागद आणलेला नाही, एवढेच. अध्यक्षांना तो मागणे हाच अपमान वाटतो.

गेल्या रविवारी या ग्रंथासाठी बैठक झाली. अध्यक्षही आले होते. सत्कार थाटात करू म्हणाले. मंडप त्यांचा, जेवण त्यांचे. मग मुद्द्यावर आले.

"बाईंनी आता आराम करावा. शिबिराला ती कागदाची अट नको. आमच्या शब्दावर उभ्या तालुक्याचे व्यवहार होत्यात, आन् आमच्या घरच्या पोराला पोलिसाचा शिक्का?" मग माझ्याकडे बघून, "आन् सर, लेखात ते जीपचं नका घालू. शुभ कार्य हाय."

बाई भिंतीपाशी बसल्या होत्या. सत्कारमूर्तीने बोलायचे नसते, असा संकेत आहे.

"अध्यक्षसाहेब, भाच्याबद्दल माझ्या मनात काही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी कागद आणावा, शिबीर त्यांचं. मी पाणी भरायला येईन."

"आन् न्हाई आनला तर?"

"तर शाल तुमच्याकडंच राहू द्या."

"बाई, मैदान मंडळाचं हाय. इसरू नका."

"मैदान मंडळाचं आहे. पोरी मंडळाच्या न्हाईत."

अध्यक्ष उठून गेले. मंडप गेला, जेवण गेले. माजी खेळाडूंपैकी एकीने वही उघडली आणि म्हणाली, "बरं, भाकरी कोण आणणार?"

जीपचे मी लिहिले आहे. कार्य शुभ आहे म्हणूनच लिहिले आहे. माझ्या सहीचा तो दाखला त्या दिवशी बाईंनी वाचला नसता, तर बारा मुली त्या माणसाबरोबर राहात्याला मुक्कामी गेल्या असत्या. ज्यांना हे ग्रंथात नको, त्यांनी दुसरा ग्रंथ काढावा. संपादक मुलींनी यातले एक वाक्यही काढणार नाही असे मला सांगितले आहे. त्या बाईंच्या हाताखाली शिकल्या आहेत. शब्द कुठे खोडायचा ते त्यांना कळते.

बाई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही सांगत नाही, पण बैठकीतून उठताना आम्ही पाहतो. ते बरे होवोत. साखर ताब्यात राहो. घरात, मैदानात तुम्हाला पुष्कळ वर्षे लाभोत, आणि त्यातला प्रत्येक दिवस तुम्ही पायांवर उभ्या राहून घालवावा. आमच्या सह्यांवर तुम्ही कधी विश्वास ठेवू नये. विचारत राहावे. आम्हाला राग येईल, येऊ द्या.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकाला मंडळाचे नवे कुलूप होते. बाईंनी मुलींना बाजारतळावर नेले आणि चुन्याने रेषा आखल्या. आदल्या दिवशी एकवीस मुली होत्या. त्या दिवशी एकोणीस आल्या. सव्वासहाला सराव सुरू झाला.