घोड्यांच्या पिक्चरातली संध्याकाळ

आमच्या पाच जणांच्या कंपूत कॅमेऱ्याच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असायचा. ही फुशारकी आहे, पण खोटी नाही. दर रविवारी सकाळचा खेळ बघायचा आणि मग शुक्रवार पेठेत एका मित्राच्या फोटोफ्रेमच्या दुकानाच्या माळ्यावर बसून त्याचा कीस पाडायचा, हा आमचा पंचवीस वर्षांचा नेम. गोष्टीवर प्राध्यापक बोलणार, गाण्यांवर फ्रेमवाला बोलणार. पण 'हा शॉट कसा घेतला असेल?' असा प्रश्न निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी लग्नाचं शूटिंग करतो. खांद्यावर कॅसेटचा जड कॅमेरा होता तेव्हापासून ते आज ड्रोन उडवण्यापर्यंत. लग्नाचं म्हणून कुणी नाक मुरडलं तर माझं डोकं फिरतं. नवरीच्या वडिलांचा चेहरा दुसऱ्यांदा मिळत नाही, रीटेक नसतो तिथे.

तर त्या आठवड्यात एका जुन्या इंग्रजी घोडेवाल्या पिक्चरचा नवा अवतार लागला होता. जुना आम्ही कॉलेजात असताना बघितला होता, बाकड्यावर दाटीवाटीनं बसून. हॅट, बंदुका, धूळ आणि लांबच लांब माळ. संवाद कळत नव्हते, म्हणून आम्ही नुसतं बघायला शिकलो. नव्याची पाच तिकिटं काढून ठेवली होती आणि आमच्यातला एक जण आयत्या वेळी भाचीच्या लग्नाला अकलूजला गेला. तिकीट उरलं.

"मी यिऊ का?" बायको म्हणाली. "घोडी असत्यात न्हवं त्यात?"

ती सांगोल्याकडच्या मेंढरंवाल्या घरातली. लग्न होईपर्यंत बापाबरोबर माळानं हिंडलेली. रविवारी माझ्याबरोबर येते म्हणाली, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी हो म्हटलं. मला वाटलं, बघू दे नवऱ्याला चारचौघांत मान कसा आहे ते. त्यासाठीच नेली तिला, हे आज कबूल करतो.

पिक्चरमध्ये एक प्रसंग आहे. नायक बाकी सगळं गमावून, उरलेला गुरांचा कळप घेऊन घरी परततो. सूर्य टेकलेला, धूळ तांबूस झालेली, गुरांच्या सावल्या पार पडद्याबाहेर गेलेल्या. पिक्चर सुटल्यावर माळ्यावर चहा आला आणि मी त्या प्रसंगावर सुरू झालो. म्हटलं, असा प्रकाश दिवसातून जेमतेम वीस मिनिटं मिळतो. त्या वीस मिनिटांसाठी ही माणसं दिवसभर थांबली असणार. सूर्य बुडताना हवेत जी धूळ असते ती सकाळी नसते, म्हणून हा रंग सकाळी सापडत नाही. याला म्हणतात संध्याकाळ पकडणं! सगळे माना डोलवत होते. बायकोही ऐकत होती. मला फार बरं वाटत होतं.

मग फ्रेमवाल्यानं नुसत्या सभ्यपणापोटी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसा वाटला?"

"चांगला हाय की," ती म्हणाली. "फकस्त ती सांज न्हाय. सकाळ हाय ती."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो.

"हसू नगा. गुरांची पोटं बगा की. खपाटीला गेल्यात. दिसभर चरून आलेल्या जनावराची डावी कूस भरल्याली असती. हितं तर खड्डा दिसतोय. आन् चालत्यात कशी, माना वर करून, फुडं बगत. रात्रभर उपाशी हुती, आता चरायला निगाल्यात. घरला येणारं जनावर असं चालत न्हाय."

प्राध्यापकानं चहाचा कप तसाच हातात धरला होता. मी म्हणालो, "अगं, तिकडची गुरं वेगळी असतात." हे बोलताना मलाच कळत होतं की मी काय मूर्खासारखं बोलतोय.

चौथ्या दिवशी प्राध्यापकानं आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पिक्चरचा कॅमेरामन स्वतः सांगत होता, तो प्रसंग पहाटे उठून, उगवत्या सूर्यावर घेतला, कारण संध्याकाळी तिथे वारा सुटायचा. खाली प्राध्यापकानं लिहिलं होतं, 'वहिनींना साष्टांग नमस्कार!' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

माझ्या पोटात दुखायला लागलं. दुसरा शब्द नाही त्याला. कुणी मुंबईचा शिकलेला पोरगा येऊन मला चूक ठरवून गेला असता तर मी वाद घातला असता, रात्रभर वाचून उत्तर शोधलं असतं. पण ज्या बाईला मी मोबाइलवर फोटो आडवा काढायला शिकवलं होतं, तिच्याशी काय वाद घालणार? आणि खरी आग ही की मी स्वतः आयुष्यभर हेच करत आलोय. दुपारी साडेतीनला नवरीची पाठवणी शूट करून, तिच्यावर नारिंगी रंग चढवून, कितीतरी जणांना संध्याकाळ म्हणून विकलीय. माझ्या धंद्यातली लबाडी मला दिसली नाही आणि तिला दिसली.

पुढं ते वाढतच गेलं. कुठलाही पिक्चर बघितला की ग्रुपवर पहिला प्रश्न, 'वहिनी काय म्हणतात?' ती माझ्यासमोरच मेथी निवडत बसलेली असायची. मी तिला न विचारता लिहून टाकायचो, 'ठीक आहे म्हणाली.' एकदा लिहिलं, 'तिला झोप आली.' ती बिचारी टक्क जागी होती.

मग ठरलं की प्राध्यापकाच्या प्रोजेक्टरवर, माळ्यावरच पांढरी चादर लावून जुना मूळ पिक्चर बघायचा आणि नव्याशी ताडून पाहायचा. फ्रेमवाल्यानं मला बजावलं, "वहिनींना आणल्याशिवाय येऊ नको." मी घरी निरोप दिला. ती इतकी खूश झाली की शनिवारी तिनं सगळ्यांसाठी शेंगदाणे भाजले, तिखट-मीठ लावून डबा भरून ठेवला.

शनिवारी संध्याकाळीच मी तिला म्हणालो, "उद्याचं रद्द झालंय. मला एका गिऱ्हाइकाकडं जायचंय."

"बरं," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

रविवारी माळ्यावर गेल्या गेल्या मी सांगून टाकलं, "तिचा गुडघा दुखतोय." सगळे हळहळले. चादरीवर पिक्चर सुरू झाला. तो घरी परतण्याचा प्रसंग आला, आणि इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा नायकाकडे न बघता गुरांकडे बघितलं. पोटं टम्म होती. डाव्या कुशी फुगलेल्या, माना खाली, पाय ओढत चाललेली. मी ओरडलोच, "थांबव, थांबव! बघा, पोटं बघा. चरून आलीत गुरं. ही खरी संध्याकाळ आहे! या लोकांनी खरंच वाट बघितली होती."

प्राध्यापकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात नजर!" फ्रेमवाला म्हणाला. सगळ्या माना पुन्हा माझ्याकडे वळल्या होत्या. हेच मला हवं होतं. आणि त्या क्षणी मला एकाच माणसाला हे सांगावंसं वाटत होतं, आणि त्याच माणसाला मी घरी बसवून आलो होतो. दुसऱ्या कुणाला त्यातली गंमत माझ्याइतकी कळणार नव्हती.

घरी आलो, हात धुवत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडून फ्रेमवाल्याचा मोठा आवाज मला मोरीपर्यंत ऐकू आला, "वहिनी, गुडघा कसा आहे आता? आज पिक्चरला तुमची फार आठवण काढली सगळ्यांनी."

मी नळ बंद केला. हात तसेच ओले.

"बरा हाय की आता," ती म्हणाली. "जिना चडताना जरा दुकतो, बाकी काय न्हाय. फुडच्या बारीला यिते."

फोन ठेवून तिनं ताट केलं. भाकरी मोडून वाढली. शेंगदाण्यांचा डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. मी खाली मान घालून बसलो होतो. ओरडली असती, रडली असती तरी चाललं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं.

"अवो," ती म्हणाली, "त्या जुन्यात गुरं चरून आल्याली हुती का?"

"हो," मी म्हणालो. "पोटं भरलेली होती."

"म्हंजी खरी सांज हुती."

"हो."

"मला बगायची हुती ती," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी आणायला उठली.