कानाला पोचलेला हात

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबात भरती व्हायला दोनच अटी होत्या. पायात बोरीचा काटा घुसला तरी बोंबलायचं नाही, आणि बॉल नाल्यात गेला तर ज्यानं मारला त्यानंच उतरायचं. अर्ज नव्हता, यादी नव्हती, आणि एका बाजूला अकराच जण असतात हे आम्ही ऐकलेलंही नव्हतं. जितके आले तितके खेळले. एकदा एकीकडे सतरा आणि दुसरीकडे अठरा झालो, तेव्हा न्याय म्हणून अठरांतल्या एकाचे डोळे बांधून त्याला खेळवलं. तो मी. कुणी सांगितलं नव्हतं, मी आपण होऊन रुमाल पुढे केला होता. पोरं हसतात म्हटल्यावर मी काहीही बांधून घेतलं असतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं आमचं मराठी बोलणारं गाव, गावाबाहेर गायरान, त्यावर संध्याकाळी गुरं परतली की आम्ही. क्लब चालवायची माणसं दोन. एक आमच्या शाळेचे गुरुजी. शिक्षकाच्या ट्रेनिंगला शहरात गेले तेव्हा तिथं फुटबॉल शिकले, आणि परत येताना प्रमाणपत्राबरोबर एक बॉलही घेऊन आले. दुसरा सायकल दुकानवाला. तो बॉलच्या ब्लॅडरचं पंक्चर काढायचा आणि शिट्टी वाजवायचा. दोघांनाही या कामाचं कुणी काही देत नव्हतं, तेही मागत नव्हते.

गोल म्हणजे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे दोन ढीग. वर आडवी दांडी नव्हती. त्यामुळे उंच मारलेला बॉल गोल की बाहेर, यावरून रोज भांडण. शेवटी सायकलवाल्यानं निकाल दिला: गोलकीपरनं उडी मारून हात वर केला की जिथवर बोटं पोचतील, तिथवर गोल. त्याच्या वर गेला तर बाहेर.

हा नियम सगळ्यांच्या सोयीचा होता, एक सोडून. आमच्यात एक पोरगा होता, त्याचे हात असे लांब की उभा राहिला तर बोटं गुडघ्याजवळ यायची. तो गोलात उभा राहिला की गोल आपोआप उंच व्हायचा. तो वैतागायचा.

"मी जितला उडतो, तितला गोल वाढते बे! मंग मी काऊन उडू?"

"तं नको उडू. खालून जाऊ दे," मी म्हणायचो.

पण तो उडायचाच. बॉल हवेत दिसला आणि त्यानं सोडून दिला, असं मी पाहिलं नाही.

त्याचे आई-वडील मजुरीला जायचे, बऱ्याचदा आमच्याच वावरात. आमची शेती कापसाची आणि ज्वारीची, दोन बैलजोड्या. वेचणीच्या दिवसांत तोही आईबरोबर ओळ धरायचा, शाळा बुडायची, आणि त्यापायी दोनदा तो एकाच वर्गात बसला होता. म्हणून सातवीत आम्ही एकत्र आलो. आमच्या शाळेत सातवीच शेवटची. पुढे काय, हे त्याच्या बापानं ठरवून टाकलं होतं: पाडव्याला सालगडी म्हणून कुठंतरी लावायचं. वर्षाच्या कराराचे गडी आमच्याकडे गुढीपाडव्यालाच ठरतात.

त्या वर्षी दिवाळीनंतर गुरुजी एक कागद घेऊन गायरानावर आले. आदिलाबादला चौदा वर्षांखालच्या पोरांचे सामने होणार होते. आम्हाला रिंगण करून बसवलं आणि म्हणाले, "तिथं निवडीसाठी मानसं येनार हायत. चांगल्या पोराले खेळाच्या हॉस्टेलात घेतेत. राहनं, खानं, दहावीपावतर शाळा, सगळं तिकडंच." हे सगळ्यांना सांगताना ते एकाकडेच पाहत होते. आम्हीही त्याच्याकडेच पाहिलं. तो बॉलवरची माती नखानं काढत बसला होता. त्याचा कान मात्र लाल झालेला मला दिसला.

दुसऱ्या दिवसापासून आमचा खेळ बदलला. सायकलवाल्यानं बांबूची दांडी बांधून खरा गोल उभा केला. पहाटे बेल्याच्या रस्त्यानं पळणं सुरू झालं. आणि पहिल्यांदा यादी झाली. अकरा नावं, खाली आणखी चार. ज्यांची नावं नव्हती ती पोरं दोन दिवस गायरानाच्या कडेला बसून शेंगा खात आम्हाला नावं ठेवत राहिली, तिसऱ्या दिवशी आलीच नाहीत. क्लबात 'तू खेळू नको' असं कुणी कुणाला याआधी म्हटलं नव्हतं. गुरुजींनाही ते म्हणता येईना. ते नुसता कागद वाचायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे.

माझं नाव खालच्या चारांत होतं: राखीव गोलकीपर. मला का घेतलं, तर मी पडायचो छान. बॉल चार हात लांबून गेला तरी मी धूळ उडवून असा आडवा व्हायचो की बघणाऱ्याला वाटावं, थोडक्यात हुकला. घरी मात्र मी राखीव वगैरे काही सांगितलं नाही. आईनं शिंप्याकडून निळं बनियन शिवून आणलं, आणि ते घालून मी गावात तीन चकरा मारल्या.

मग फॉर्म भरायची वेळ आली. प्रत्येकाची जन्मतारीख आणि शाळेचा दाखला. गुरुजींनी पोरांच्या प्रवेशाचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं.

आता आमच्या गावात जन्मतारीख कशी ठरायची ते सांगतो. पोराला शाळेत आणलं की गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. पोचला तर पोरगं सहा वर्षांचं. नाही पोचला तर पुढच्या वर्षी या. तारीख सगळ्यांची एक जून. शाळेतली झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मलेली, आणि कुणाला त्याचं नवल नव्हतं.

त्या लांब हातवाल्या पोराला आईनं आणलं तेव्हा तो साडेचार वर्षांचाही नसेल. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, तिला पेरणीला जायचं होतं. गुरुजी म्हणाले, कान धर. त्यानं कान तर धरलाच, वर गालही खाजवला. गुरुजींनी लिहिलं: वय सहा, एक जून.

त्यात दोन वर्षं नापास होण्याची. रजिस्टरनं हिशेब केला तर तो साडेचौदाचा निघाला. खरा होता तेराचा.

गुरुजींनी शाळेच्या ओसरीवर त्याच्या आईला बोलावलं. मी वर्गाच्या खिडकीजवळ बसून शुद्धलेखन लिहायचं नाटक करत होतो.

"माय, हा कवा जलमला?"

"नाल्याले मोठा पूर आल्ता ना, वरची वस्ती उठली, त्याच्या दुसऱ्या साली. ज्वारी निसवत होती, कनसं बाहेर पडत होती."

"मले ठाव हाय ते. पन कागदावर नाई."

"कागदावर तं तुमीच लिवलं, गुर्जी. तुमीच खोडा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "खोडता येत नाई, माय. पानावर शिक्के हायत. म्याच लिवलं म्हनून मलेच खोडता येत नाई."

ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "त्याचा हात लांब हाय, हे तुमाले दिसलं नाई का तवा?"

गुरुजींनी रजिस्टर मिटलं.

ते गप्प बसले नाहीत, हेही सांगायला हवं. बसनं तीनदा सरकारी ऑफिसात जाऊन आले. गावच्या पाटलाकडची जन्माची जुनी वही तालुका मोडून झालेल्या नव्या मंडल ऑफिसात गेली होती, आणि तिथं कोणत्या गठ्ठ्यात आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वेळी कारकून म्हणाला, "गुरुजी, ये तो कोर्ट का मामला है. छे महीने पकड़ो." सामने आठ दिवसांवर आले होते.

तोड काढली सायकलवाल्यानं. संध्याकाळी गायरानावर सगळे असताना तो म्हणाला, "फोटो लागते का फॉर्मवर? नाई लागत. मंग याचं नाव," माझ्याकडे बोट, "अन् त्याचे हात. कोन वळखते तिथं?"

कुणी हसलं नाही. गुरुजी खाली पाहत होते. दुसरा कुणी असं बोलला असता तर त्यांनी त्याला गायरानावरून हाकललं असतं. पण ती चूक त्यांच्या अक्षरातली होती. ते म्हणाले, "नाव याचं हाय. यानं देलं तं पाहू."

सगळे माझ्याकडे वळले. तो लांब हातवाला माझ्यासमोर उभा होता. मी त्याला कधी कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. "एका दिसासाठी दे बे," तो म्हणाला. "बनियन बी तुहंच राहू दे. मी असाच खेळतो."

तो बाहेर पडला की गोलात मी उभा राहणार होतो. मला खेळायचं होतं, बस्स. एवढंच सांगितलं असतं तर मी निदान खरा ठरलो असतो. पण माझ्यातला नट जागा झाला. मी छाती पुढे काढली, आवाज शाळेच्या प्रार्थनेला लावतात तसा लावला आणि म्हणालो, "खोटं बोलू नये असं तुम्हीच शिकवलं ना, गुरुजी?"

गावात कुणी बोलत नाही अशा पुस्तकी मराठीत म्हणालो. आजवर मी शेकडो किस्से सांगितले, माणसांना हसवलं, रडवलं. पण इतकं अचूक जागी बसलेलं वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही. गुरुजींचा चेहरा उतरला. ते "बरोबर हाय," एवढंच म्हणाले आणि सायकलवाल्याच्या हातातून फॉर्म घेतला.

बरोबर होतंच. पुढे मोठेपणी मी स्वतःला हेही समजावलं की तो माझ्या नावानं खेळून निवडला गेला असता, तर हॉस्टेलात नाव माझंच लागलं असतं, आणि सगळं आणखी चिघळलं असतं. सगळं खरं. फक्त त्या संध्याकाळी यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात निळं बनियन होतं.

आदिलाबादला तो आला. कुणी बोलावलं नव्हतं, बसमध्ये मागच्या बाकावर पाण्याची घागर मांडीवर घेऊन बसला. पहिल्या सामन्यात मी खऱ्या लाकडी खांबांमध्ये उभा राहिलो आणि मला कळलं की गोल किती रुंद असतो. तेवढ्यात गोलामागून त्याचा आवाज आला, "डाव्या खांबाजवळ जाय. तो लाल चड्डीवाला तिकडूनच मारते."

मी गेलो. बॉल तिकडंच आला, छातीवर आदळला. टाळ्या पडल्या. पुढचा अर्धा तास मी त्याच्या डोळ्यांनी खेळलो. "पुढं निंघ." "थांब, थांब, आता पड." मी पडलो की बॉल हातात असायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं न पडता पडत होतो. झाडाखाली खुर्च्यांवर बसलेली निवडीची माणसं माझ्याकडे बोट दाखवून काही लिहीत होती.

मध्यंतरानंतर, गोलामागून मला कुणी सांगतंय हे पंचाच्या लक्षात आलं. त्यानं त्याला दोरीपलीकडे, पार लोकांच्या मागे घालवलं. त्यानंतर मी चार गोल खाल्ले. चौथा तर माझ्या पायांमधून गेला. झाडाखालची माणसं वही मिटून दुसऱ्या मैदानाकडे निघून गेली. आमच्यातलं कुणीच निवडलं गेलं नाही.

परतीच्या बसमध्ये गुरुजी त्याच्याशेजारी बसले. मग गुरुजी म्हणाले, "मी तुह्या बापाशी बोलतो. आठवीले आदिलाबादले धाडू."

"बापानं शब्द देला हाय, गुर्जी."

"कोनाले?"

त्यानं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर. तेव्हा मला कळलं नाही.

पाडव्याला कळलं. सकाळी आमच्या दारात गुढी उभी होती, आणि तिच्याखाली तो बापाबरोबर उभा होता, धुतलेला सदरा घालून. माझ्या वडिलांनी सालाचं बोलणं करून ठेवलं होतं. आईनं त्याला ओसरीच्या पायरीवर ताट वाढलं, मला आत. जून उजाडला तसा मी आदिलाबादला आठवीत जाऊ लागलो. क्लबही त्यानंतर दोन वर्षं चालला, यादीवाला. मी गेलो नाही.

पहिल्या पावसाळ्यात एका रविवारी मी गोठ्यात गेलो. तो बैलांना कडबा टाकत होता. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. खोट्याबिट्याचं मला काही नव्हतं, मला फक्त खेळायचं होतं, असं. यावेळी आवाज लावला नाही.

"माईत हाय," तो म्हणाला. कडब्याची पेंडी सोडली, हलवून पसरली. "म्या बी तेच केलं असतं, भाऊ."

त्यानं मला 'भाऊ' म्हटलं तेच माझ्या कानात घुमत राहिलं. मालकाच्या पोराला गडी म्हणतात तसं.

मग तो थांबला. दुसरी पेंडी हातात तशीच धरून विचार करत राहिला, जणू मी त्याला गणित घातलं होतं आणि उत्तर चुकायला नको होतं.

"नाई," तो म्हणाला. "नसतं केलं."

आणि दावं सोडून बैल पाण्यावर घेऊन गेला.